ऋतूची सक्ती, हौस आणि अधिकार : अमेरिकेतील वसंतकालीन मोटार-देखभालीचा इतिहास (१९०८ ते २०२०)

प्रस्तावना

मोटारगाडीचा इतिहास बहुतेक वेळा तिच्या निर्मात्यांचा इतिहास म्हणून लिहिला गेला आहे. हेन्री फोर्ड यांची सरकती जुळणीव्यवस्था, जनरल मोटर्सची विक्रीनीती, कामगार संघटनांचे लढे आणि खनिज तेलाचे राजकारण हे या इतिहासलेखनाचे परिचित विषय होत. गाडी कारखान्याच्या फाटकातून बाहेर पडल्यानंतर मालकाच्या अंगणात तिचे पुढे काय होते, हा प्रश्न त्या मानाने दुर्लक्षित राहिला. गेल्या काही दशकांत ही उणीव भरून निघू लागली आहे. रोनाल्ड क्लाइन व ट्रेव्हर पिंच यांनी १९९६ मध्ये अमेरिकेच्या ग्रामीण भागातील मोटारवापराचा अभ्यास मांडला. कॅथलीन फ्रँझ (२००५), केव्हिन बोर्ग (२००७) आणि डेव्हिड लुस्को (२००८) यांनी अनुक्रमे गाडीत फेरफार करणारे ग्राहक, व्यावसायिक मेकॅनिक आणि वेगवर्धक सुट्या भागांचा उद्योग यांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिले. वापरकर्ता हाही तंत्रज्ञानाच्या घडणीतला एक कर्ता असतो, ही दृष्टी या अभ्यासांनी रुजवली.

प्रस्तुत लेखात याच दृष्टीने एका लहानशा प्रथेचा मागोवा घेतला आहे. हिवाळा संपला की गाडी बाहेर काढायची, तिची तपासणी, दुरुस्ती व सुधारणा करायची आणि मगच ती रस्त्यावर आणायची, ही ती प्रथा. उत्तर अमेरिका व युरोपमधील थंड प्रदेशांतील हौशी मोटारमालक ती आजही पाळतात. ही प्रथा हवामानाच्या सक्तीतून जन्मली. ती सक्ती तंत्रज्ञानाने जवळजवळ नाहीशी केली, तरीही प्रथा मात्र टिकली. ती का टिकली, या प्रश्नाचे उत्तर मालकाचे आपल्या यंत्राविषयीचे ज्ञान आणि त्यावरील अधिकार यांत सापडते, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

हिवाळ्याने लादलेली विश्रांती

१ ऑक्टोबर १९०८ रोजी फोर्ड कंपनीचे ‘मॉडेल टी’ बाजारात आले. १९२७ मध्ये त्याचे उत्पादन थांबले तोवर दीड कोटीहून अधिक गाड्या तयार झाल्या होत्या. आरंभी ८५० डॉलरला मिळणारी ही गाडी १९२० च्या दशकाच्या मध्यावर, तिच्या सर्वांत स्वस्त रूपात, तीनशे डॉलरहून कमी किमतीत मिळू लागली. त्यामुळे मोटार शेतकऱ्याच्या व कारागिराच्या आवाक्यात आली. परंतु मिशिगन, मिनेसोटा किंवा न्यू इंग्लंडमध्ये राहणाऱ्या मालकाला ती बाराही महिने वापरता येत नसे.

याची कारणे यंत्रात, गाडीच्या बांधणीत व रस्त्यांत अशी तिन्हीकडे होती. इंजिन थंड ठेवण्यासाठी रेडिएटरमध्ये साधे पाणी असे. पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के प्रसरण पावते. त्यामुळे एका रात्रीच्या कडाक्यात रेडिएटर फुटणे किंवा इंजिनाच्या ओतीव ठोकळ्याला तडा जाणे सहज शक्य होते. पाण्यात अल्कोहोल मिसळण्याचा उपाय लोकांना ठाऊक होता. पण अल्कोहोल पाण्याआधी उकळून उडून जाते, म्हणून ते वारंवार घालावे लागे. त्या काळचे वंगणतेल थंडीत इतके घट्ट होई की हँडल फिरवून इंजिन चालू करणे हे बळाचे काम ठरे. ‘मॉडेल टी’मध्ये तर घट्ट झालेल्या तेलामुळे क्लच पूर्णपणे सुटत नसे आणि हँडल मारताना गाडी मालकाच्याच अंगावर सरकू पाहत असे. यावर उपाय म्हणून मागचे एक चाक जॅकवर उचलून मग इंजिन चालू करण्याची युक्ती लोकांनी शोधली होती.

गाड्याही बहुतांशी उघड्या होत्या. वर कापडी टप आणि बाजूंना लावायचे पडदे एवढाच थंडीवाऱ्यापासून आडोसा असे. जनरल मोटर्सचे प्रमुख आल्फ्रेड स्लोन यांनी नोंदवलेल्या आकड्यांनुसार १९१९ मध्ये बंदिस्त गाड्यांचे प्रमाण अवघे दहा टक्के होते. शिवाय ग्रामीण रस्ते कच्चे होते. हिवाळ्यात त्यांवर बर्फ साचे आणि बर्फ वितळू लागला की त्यांचा चिखल होई. म्हणजे वसंत ऋतू उजाडला तरी रस्ता वाळेपर्यंत मालकाला वाटच पाहावी लागे. अशा स्थितीत अनेक मालक गाडी कोठारात ठेवून पुन्हा घोडा व घसरगाडी यांचा आश्रय घेत.

गाडी ठेवून देण्याचीही एक रीत होती. रेडिएटर व इंजिनातील पाणी पूर्णपणे काढून टाकायचे, टायरवरचा भार हलका करण्यासाठी आस लाकडी ठोकळ्यांवर टेकवायचे, सिलिंडरमध्ये थोडे तेल सोडायचे, बॅटरी असल्यास ती काढून उबदार जागी ठेवायची वा चार्जिंगसाठी द्यायची आणि गाडीवर कापड टाकायचे. गाडीच्या या हिवाळी झोपेतूनच वसंतातील कामांची यादी तयार झाली.

वसंतातील कामे : मालकाची शाळा

आज वार्षिक तपासणी म्हटले की तेल व फिल्टर बदलणे एवढेच डोळ्यांसमोर येते. १९१० च्या दशकातील वसंतकालीन काम याहून कितीतरी खोल होते. तत्कालीन पेट्रोलचा दर्जा हलका असल्याने सिलिंडरच्या माथ्यावर व पिस्टनवर काजळीचा थर साचे. इंजिनाचे डोके उतरवून तो खरवडून काढावा लागे. व्हॉल्व्ह आपल्या बैठकीवर नीट बसावेत म्हणून बारीक खरेची लेई लावून ते हाताने घासावे लागत. दांड्यांच्या बेअरिंगमधील मऊ धातू झिजला असल्यास पातळ पत्र्या काढून ती घट्ट करावी लागत. ‘मॉडेल टी’च्या गिअरपेटीतील पट्टे ताणावे किंवा बदलावे लागत. पाट्यांच्या स्प्रिंगांत वंगण भरणे, ग्रीसचे कप भरणे, टायरच्या आतील नळ्या तपासणे आणि लाकडी चाकांचे आरे आवळणे ही कामे वेगळीच.

ही सर्व कामे मेकॅनिककडे देण्याची सोय शहरांत होती. खेड्यात मात्र बहुधा मालकानेच ती करावीत अशी परिस्थिती होती. फोर्ड कंपनीने मालकांसाठी काढलेली माहितीपुस्तिका प्रश्नोत्तर स्वरूपात होती आणि तीत दुरुस्तीची कामे मालक स्वतः करील हे गृहीत धरलेले होते. शेतकऱ्याला कापणीयंत्र व इतर अवजारे दुरुस्त करण्याची सवय होतीच. क्लाइन व पिंच यांनी दाखवून दिल्याप्रमाणे ग्रामीण मालकांनी ‘मॉडेल टी’चे मागचे चाक उचलून त्यावर पट्टा चढवला आणि लाकूड कापणे, धान्य दळणे, कपडे धुण्याचे यंत्र फिरवणे अशी कामे तिच्याकडून करून घेतली. गाडी म्हणजे नेमके काय, हे निर्मात्याइतकेच वापरकर्त्यानेही ठरवले.

येथे एक मर्यादा नोंदवणे आवश्यक आहे. हे यांत्रिक ज्ञान पुरुषांचे क्षेत्र मानले गेले. इंग्लंडमध्ये डोरोथी लेव्हिट यांनी १९०९ मध्ये स्त्री-मोटारचालकांसाठी पुस्तक लिहून इंजिनाची रचना व त्यातील बिघाड समजावून दिले. परंतु घरच्या गॅरेजमधील काम वडिलांकडून मुलाकडे जाणारा वारसा, हीच कल्पना दीर्घकाळ प्रबळ राहिली. ज्ञानाचे हे हस्तांतरण समाजातील एका भागापुरतेच मर्यादित होते, हे विसरता येत नाही.

ऋतूचा बाजार आणि कामगारांचे पोट

वसंतातील या जागेपणाचे आर्थिक परिणामही मोठे होते. नवी गाडी घ्यायची तर ती बर्फ सरल्यावरच घ्यावी, असा ग्राहकांचा स्वाभाविक कल होता. त्यामुळे अमेरिकेतील मोटारविक्री वसंत ऋतूत शिगेला पोहोचत असे आणि नंतर ओसरत असे. नव्या गाड्यांची प्रदर्शने जानेवारीच्या सुमारास भरत, त्यामागेही हेच गणित होते. या चढउताराची किंमत कारखान्यातील मजुरांनी मोजली. मागणीच्या महिन्यांत दीर्घ पाळ्या आणि मंदीच्या महिन्यांत सक्तीची बेकारी, असे डेट्रॉइटमधील कामगाराचे वर्ष विभागलेले होते. महामंदीच्या काळात ही बाब राष्ट्रीय धोरणाचा विषय बनली. राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्या प्रशासनाच्या आग्रहामुळे १९३५ पासून नवी मॉडेले शरद ऋतूत सादर करण्यास उद्योग राजी झाला, जेणेकरून मागणी वर्षभरात अधिक समप्रमाणात विभागली जावी. मालकाच्या कोठारातील ऋतुचक्र आणि कामगाराच्या घरातील चूल यांचा असा थेट संबंध होता.

सक्तीचा अंत

ऋतूची ही सक्ती एखाद्या एका शोधाने संपली नाही. अनेक लहानमोठ्या सुधारणांनी मिळून ती संपवली. १९१२ च्या कॅडिलॅक गाडीत चार्ल्स केटरिंग यांनी विकसित केलेला विद्युत स्टार्टर आला आणि हँडल मारण्याचे कष्ट हळूहळू इतिहासजमा झाले. बंदिस्त गाड्यांचे प्रमाण १९१९ मधील दहा टक्क्यांवरून १९२७ पर्यंत ८५ टक्क्यांवर गेले. त्याच वर्षी, म्हणजे १९२७ मध्ये, इथिलीन ग्लायकॉलवर आधारित ‘प्रेस्टोन’ हे गोठणरोधक द्रव्य बाजारात आले. अल्कोहोलप्रमाणे ते उकळून उडून जात नसल्याने एकदा भरले की सबंध हिवाळा पुरत असे. १९१६ च्या कायद्यान्वये केंद्र सरकारने राज्यांना रस्त्यांसाठी अर्थसाहाय्य सुरू केले होते. पक्के रस्ते वाढले तसा वसंतातील चिखलाचा अडथळाही कमी झाला.

तरीही वसंतातील काम लगेच नाहीसे झाले नाही. त्याचे स्वरूप पालटले. हिवाळ्यात पातळ आणि उन्हाळ्यात दाट असे दोन वेगळे वंगण वापरण्याची पद्धत रूढ होती. म्हणून वसंत आला की पेट्रोल पंपावर हिवाळी तेल काढून उन्हाळी तेल भरले जाई. गोठणरोधक द्रव्यही काढून त्याऐवजी साधे पाणी भरण्याचा परिपाठ होता. पुढे १९५० च्या दशकात थंडीत पातळ राहणारे व उष्णतेत आपला दाटपणा टिकवणारे बहुश्रेणी तेल आले. १९६० च्या दशकात वर्षभर चालणारे शीतकद्रव्य रूढ झाले. येथे सामान्य मालकापुरती वसंतकालीन देखभालीची तांत्रिक गरज जवळजवळ संपली.

दरम्यान युद्धाने या कौशल्यांना एकदा पुन्हा राष्ट्रीय महत्त्व दिले होते. फेब्रुवारी १९४२ मध्ये अमेरिकेत नागरी मोटारींचे उत्पादन थांबले. टायरवर त्याआधीच जानेवारीत नियंत्रण आले होते. नवी गाडी मिळणार नाही हे स्पष्ट झाल्यावर आहे ती गाडी टिकवणे हे नागरी कर्तव्य ठरले. घरच्या घरी दुरुस्ती करता येणाऱ्या मालकांचे मोल या काळात विशेष जाणवले.

मीठ : नवा शत्रू, नवी विश्रांती

सक्ती संपवणाऱ्या याच प्रगतीने एक नवी अडचण निर्माण केली. गाड्या हिवाळ्यात धावू लागल्या, म्हणून रस्ते बर्फमुक्त ठेवण्याची मागणी वाढली. वाळू व राखेऐवजी मीठ पसरण्याचा प्रयोग न्यू हॅम्पशायर राज्यात १९३८ मध्ये झाला. महायुद्धानंतर ही पद्धत वेगाने पसरली आणि १९७० च्या सुमारास अमेरिकेतील रस्त्यांवर दरवर्षी जवळपास एक कोटी टन मीठ पडू लागले. मिठाचे पाणी विद्युतवाहक असल्याने लोखंडाचे गंजणे झपाट्याने वाढते. चाकांच्या कमानी, दरवाज्यांचे खालचे काठ, ब्रेकच्या नळ्या आणि सांगाड्याचे सांधे यांत ते साचून राहते. उत्तरेकडील राज्यांत इंजिन सुस्थितीत असूनही सांगाडा कुजल्यामुळे गाड्या मोडीत जाऊ लागल्या.

यावर हौशी मालकाने शोधलेला उपाय इतिहासाच्या दृष्टीने लक्षणीय आहे. त्याने हिवाळ्यासाठी एक जुनी, स्वस्त गाडी ठेवली आणि आवडती गाडी पुन्हा झाकून ठेवली. अर्धशतकापूर्वीची हिवाळी विश्रांती अशा रीतीने परत आली. पूर्वी गाडी चालवणे शक्य नव्हते म्हणून ती ठेवून दिली जाई. आता ती जपायची म्हणून ठेवली जाऊ लागली. बाह्य कृती तीच राहिली, तिच्यामागचा हेतू मात्र पूर्णपणे बदलला.

या स्वेच्छेच्या विश्रांतीने कामांची नवी यादी दिली. दीर्घकाळ उभ्या गाडीची बॅटरी स्वतःहून उतरते आणि उतरलेली बॅटरी थंडीत गोठू शकते. एकाच जागी भार पडल्याने टायर सपाट होतात. ब्रेकचे द्रव्य हवेतील ओलावा शोषून घेते, त्यामुळे त्याचा उत्कलनबिंदू उतरतो आणि आतील धातू गंजतो, म्हणून ते ठरावीक काळाने बदलावे लागते. टाकीतील पेट्रोल शिळे होते. त्यात इथेनॉल असल्यास ते पाणी ओढून घेते आणि पाणी व इथेनॉल यांचा वेगळा थर तळाशी बसतो. उंदरांनी वायरिंग कुरतडणे ही तर सार्वत्रिक तक्रार. म्हणून जाणकार मालक वसंतात गाडी चालू करण्यापूर्वी इंधन, तारा, नळ्या, पट्टे, टायर व ब्रेक तपासतात आणि त्यानंतरच किल्ली फिरवतात. सुधारणा करायची असल्यास आधी ब्रेक, टायर व सस्पेन्शन आणि मग इंजिनाची शक्ती, हा क्रमही अनुभवातूनच ठरला आहे. गाडी किती वेगाने धावेल याआधी ती थांबेल की नाही, हे पाहावे लागते.

हौसेचा उदय : कोरड्या तळ्यांवरील शर्यती

देखभालीला सुधारणेची जोड देणारी परंपरा प्रामुख्याने दक्षिण कॅलिफोर्नियात घडली. तेथे बर्फ नव्हता, तरी तिलाही ऋतूचे बंधन होते. मोहावी वाळवंटातील म्युरॉकसारख्या कोरड्या तळ्यांचे विस्तीर्ण सपाट तळ ही या तरुणांची धावपट्टी. हिवाळी पावसात तेथे उथळ पाणी साचे, वाऱ्याने ते इकडून तिकडे हले आणि पाणी आटल्यावर पृष्ठभाग गुळगुळीत होऊन निघे. त्यामुळे शर्यतींचा हंगाम वसंताच्या अखेरीस सुरू होई आणि हिवाळा हा गॅरेजमध्ये गाडी घडवण्याचा काळ ठरे. १९३७ मध्ये स्थानिक क्लबांनी एकत्र येऊन ‘सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन’ स्थापन केली आणि या हौसेला नियम व वेळनोंदीची शिस्त लावली.

१९३२ मध्ये फोर्ड कंपनीने सामान्य ग्राहकाला परवडेल अशा किमतीत आठ सिलिंडरचे व्ही-आकाराचे इंजिन दिले. त्याची मूळ शक्ती ६५ अश्वशक्ती होती. तरुणांनी सिलिंडरचे डोके घासून दाबगुणोत्तर वाढवले, एकाऐवजी दोन कार्ब्युरेटर बसवले, कॅमशाफ्ट बदलला आणि अनावश्यक पत्रा उतरवून वजन घटवले. व्हिक एडलब्रॉक यांनी स्वतःच्या गाडीसाठी केलेले इनटेक मॅनिफोल्ड इतरांनी मागितले आणि त्यातून एक उद्योग उभा राहिला. युद्धात यंत्रांवर काम केलेले सैनिक परतल्यावर या हौसेला बळ मिळाले. जानेवारी १९४८ मध्ये रॉबर्ट पीटरसन यांचे ‘हॉट रॉड’ मासिक निघाले. १९५१ मध्ये वॉली पार्क्स यांच्या पुढाकाराने ‘नॅशनल हॉट रॉड असोसिएशन’ स्थापन झाली आणि रस्त्यावरील जीवघेण्या शर्यतींना नियंत्रित मैदानाचा पर्याय मिळाला. १९६३ मध्ये वेगवर्धक सुटे भाग बनवणाऱ्या उत्पादकांनी आपली संघटना उभारली.

अटलांटिकच्या पलीकडेही समांतर घडामोडी दिसतात. इंग्लंडमध्ये जॉन हेन्स यांनी १९६६ मध्ये गाडी पूर्ण सुटी करून, छायाचित्रांसह दुरुस्ती समजावणारी पुस्तकमाला सुरू केली. त्यातून कारखान्याकडे असलेले ज्ञान सामान्य वाचकाच्या हाती आले. जर्मनीत हिवाळी टायर ऑक्टोबरपासून ईस्टरपर्यंत वापरावेत, असा सोपा लोकसंकेत आहे. तेथील शासनाने १ मार्च १९९७ पासून वर्षातील दोन ते अकरा महिन्यांपुरती वैध असणारी हंगामी नोंदणीपाटी देण्यास प्रारंभ केला. तिच्यावर आरंभीचा व अखेरचा महिना छापलेला असतो आणि कर व विमा त्या काळापुरताच भरावा लागतो. हौशी मालकाच्या ऋतुचक्राला कायद्याने दिलेली ही मान्यताच होय.

बंद पेटीसमोर मालक

१९७० नंतर या परंपरेपुढे वेगळ्या स्वरूपाचे आव्हान उभे राहिले. १९७० च्या स्वच्छ हवा कायद्याने गाड्यांतून होणाऱ्या प्रदूषणावर कठोर मर्यादा घातल्या. १९७५ पासून उत्प्रेरक परिवर्तक सर्रास बसवले जाऊ लागले. प्रदूषणनियंत्रक भाग काढणे किंवा निकामी करणे बेकायदेशीर ठरले. ज्याला मालक सुधारणा म्हणत होता, तिचा भार शेजाऱ्याच्या फुप्फुसांवर पडत होता, हे लॉस एंजेलिसच्या धुरक्याने सिद्ध केले होते. म्हणून या निर्बंधांकडे निव्वळ सरकारी हस्तक्षेप म्हणून पाहणे इतिहासाला धरून होणार नाही. सुट्या भागांच्या उद्योगाने विरोध केला, हे खरे. त्याचबरोबर कॅलिफोर्नियात चाचणी घेऊन मान्यता मिळालेले भाग विकण्याची पद्धतही विकसित झाली. स्वातंत्र्य व सार्वजनिक हित यांची सांगड घालता येते, याचे हे उदाहरण होय.

१९७५ मध्येच संमत झालेल्या मॅग्नुसन-मॉस कायद्याने मालकाच्या बाजूने एक तत्त्व प्रस्थापित केले. केवळ दुसऱ्या उत्पादकाचा भाग वापरला किंवा बाहेर दुरुस्ती केली या कारणाने हमी नाकारता येणार नाही, असे ते तत्त्व होते. परंतु पुढे यंत्राचेच स्वरूप बदलले. इंधन व ठिणगी यांचे नियंत्रण संगणकाकडे गेले. १९९६ पासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या मोटारींत बिघाडनिदानाची समान संगणकीय प्रणाली अनिवार्य झाली. यातून प्रदूषणाशी संबंधित बिघाड कोणालाही वाचता येऊ लागला. मात्र गाडीतील इतर प्रणालींची माहिती, सांकेतिक किल्ल्या व निदानसाधने कंपनी व तिचे अधिकृत विक्रेते यांच्याच हाती राहिली.

मॅसॅच्युसेट्स राज्यातील मतदारांनी २०१२ मध्ये दुरुस्तीच्या अधिकाराच्या बाजूने प्रचंड बहुमताने कौल दिला. २०१४ मध्ये मोटार उद्योगाने ही व्यवस्था देशभर लागू करण्याचा करार केला. गाडी बिनतारी मार्गाने कंपनीला थेट माहिती पाठवू लागल्यावर हा प्रश्न पुन्हा उभा राहिला आणि २०२० मध्ये त्याच राज्यातील सुमारे ७५ टक्के मतदारांनी ही माहितीही मालकाला व त्याच्या पसंतीच्या मेकॅनिकला मिळावी असा कौल दिला. न्यू इंग्लंडमधील ज्या मालकाला शतकापूर्वी बर्फाने अडवले होते, त्याच प्रदेशातील मालकाला आता आज्ञावलीने अडवले होते.

भारतीय संदर्भ

आपल्याकडे वसंत ही गाडीच्या देखभालीची वेळ नाही. आपला कसोटीचा ऋतू पावसाळा. पावसापूर्वी ब्रेक, वायपर व टायर पाहणे आणि खालच्या पत्र्याला गंजरोधक लेप देणे ही आपली हंगामी कामे. पावसाळा सरल्यावर खंडेनवमी-दसऱ्याला अवजारांबरोबर वाहनाची पूजा करून त्याला झेंडूचा हार घालण्याची रीत महाराष्ट्रात घरोघर आहे. यंत्राविषयीच्या कृतज्ञतेचा हा संस्कार मौलिक आहे. मात्र हार घालणाऱ्या हाताला पान्हा धरण्याची संधी किती मिळते, हा प्रश्न येथेही उपस्थित होतोच.

अमेरिकेत उद्भवलेला अधिकाराचा वाद भारतातही पोहोचला आहे. २५ ऑगस्ट २०१४ रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने सुटे भाग व निदानसाधने खुल्या बाजारात उपलब्ध न केल्याबद्दल १४ मोटार उत्पादकांना एकूण २,५४४.६५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. प्रकरण पुढे अपिलात गेले, तरी स्वतंत्र मेकॅनिकचा प्रश्न या निर्णयाने राष्ट्रीय पटलावर आणला. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या अधिकारासाठी स्वतंत्र संकेतस्थळ सुरू केले. दुसरीकडे जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा अर्थ लावताना उत्पादकाच्या मूळ तपशिलापासून दूर नेणारे बदल अनुज्ञेय नसल्याचे स्पष्ट केले. दुरुस्तीचा अधिकार व फेरफाराचा अधिकार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिला विस्तारत असताना दुसरा आकुंचित होत आहे, असे चित्र आपल्याकडे दिसते.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

पहिला, वसंतकालीन मोटार-देखभालीच्या इतिहासात तीन टप्पे स्पष्ट दिसतात. आरंभी ती हवामान, रस्ते व अपुरे तंत्रज्ञान यांनी लादलेली सक्ती होती. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर ती स्वेच्छेने स्वीकारलेली हौस बनली. विसाव्या शतकाच्या अखेरीपासून ती मालकीच्या अधिकाराशी जोडली गेली.

दुसरा, गरज संपल्यावरही प्रथा टिकते ती त्या गरजेने निर्माण केलेल्या कौशल्यामुळे, परस्परसंबंधांमुळे व अभिमानामुळे. गोठणरोधक द्रव्याने व बहुश्रेणी तेलाने वसंतातील काम अनावश्यक केले, तरी त्या कामातून मिळणारे ज्ञान लोकांना अनावश्यक वाटले नाही.

तिसरा, मालकाचा अधिकार निरपवाद नाही. हवा सर्वांची असल्याने धूर वाढवणाऱ्या फेरफाराला मर्यादा असणे न्याय्य आहे. परंतु प्रदूषण व सुरक्षितता यांच्या नावाखाली साध्या दुरुस्तीचे ज्ञानही दडवले जात असेल, तर ती मर्यादा सार्वजनिक हिताची न राहता बाजारातील मक्तेदारीची ठरते. या दोहोंतील सीमारेषा आखणे हे कायद्याचे काम आहे आणि ती कोठे आखली जाते यावर रस्त्याकडेच्या छोट्या गॅरेजवाल्याची उपजीविका अवलंबून आहे.

१९१० मधील मालकाला गाडी उघडावीच लागे, कारण त्यावाचून ती चालत नसे. आजच्या मालकाला ती उघडण्यावाचून चालवता येते, आणि म्हणूनच ती उघडण्याचा आपला अधिकार केव्हा गेला, हे त्याच्या लक्षात येण्याचा संभव कमी असतो. हिवाळा संपताना गॅरेजचे दार उघडून इंजिनावर वाकणारे थोडे हौशी लोक ही जाणीव जिवंत ठेवतात. तंत्रज्ञानाच्या सामाजिक इतिहासात त्यांची नोंद घेणे म्हणूनच अगत्याचे आहे.